कौलांखालची हवा

कोकणात घर थंड ठेवायचं म्हटलं की आम्ही आर्किटेक्ट मंडळीसुद्धा आधी भिंतीच्या जाडीवर येतो. घर स्वतःचं असलं की विचारायलाच नको, चिऱ्याची, म्हणजे जांभ्या दगडाची, भिंत हौसेने दीडपट होते. पण रत्नागिरी 17 अक्षांशावर आहे. मे ते जुलै दुपारचा सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, म्हणजे ऊन खातं ते छप्पर. त्यात इथली रात्र दमट, फारशी निवत नाही. घाटावर जाड भिंत रात्रीत थंड होते, इथे ती दिवसभराची ऊब नेमकी झोपायच्या वेळी सोडायला लागते. तेव्हा पैसे आधी छपरात घाला.

सध्या उतरत्या स्लॅबवर सिमेंटात कौलं चिकटवतात. दिसायला कोकणी, वागायला गच्ची! कौल तापलं की स्लॅब तापलाच.

कौलं स्लॅबपासून सुटी ठेवा. आधी वॉटरप्रूफिंग, त्यावर उताराच्या दिशेने 50 मिलिमीटर उंचीच्या उभ्या पट्ट्या, दोन-दोन फुटांवर. त्यांच्यावर आडव्या रिपा, म्हणजे कौलं अडकवायच्या पट्ट्या, मग कौलं. रिपांचं अंतर पुस्तकातून घेऊ नका. आणलेल्या मालातली दहा कौलं जमिनीवर खाचेत खाच बसवून मांडा, एकदा ताणून आणि एकदा दाबून मोजा, मधलं माप धरा.

सुतार हमखास उभ्या पट्ट्या वाचवतो आणि रिपा थेट स्लॅबवर ठोकतो. मग प्रत्येक रीप म्हणजे एक बांध. कौलांतून झिरपलेलं पाणी तिच्यामागे तुंबतं आणि खिळ्याच्या भोकातून स्लॅबमध्ये उतरतं. दोष मात्र वॉटरप्रूफिंगवाल्याला मिळतो.

वळचणीला आणि आढ्याखाली फट मोकळी हवी, तरच तापलेली हवा वर निघून जाते. गवंडी सवयीने आढं मसाल्याने गच्च भरतो. त्या दिवशी समोर उभे राहा. फटीला जाळी लावा, नाहीतर उंदीर आणि गांधीलमाश्या राहायला येतात. जाळी 316 ग्रेडच्या स्टेनलेसची घ्या. खाऱ्या वाऱ्यात नेहमीच्या 304 ग्रेडवर तांबूस डाग पडतात.

सुटी कौलं वादळात उडतात, हे खरंच. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळानंतर रायगड किनाऱ्यावर ते कुणाला सांगावं लागत नाही. वारा कौल ढकलत नाही, वर ओढतो, आणि कडांना सर्वात जास्त. म्हणून वळचणीच्या, आढ्याच्या आणि बाजूच्या कडेच्या दोन-तीन ओळी स्टेनलेस तारेने रिपांना बांधा.

भिंतींपैकी पश्चिमेचीच काळजी करा. मार्चच्या विषुवदिनी, घड्याळात पावणेपाचला, 900 मिलिमीटर बाहेर काढलेल्या छपराची सावली कडेच्या पातळीखाली जेमतेम अर्धा मीटर उतरते. 2.4 मीटरची पडवी काढली तर 1.3 मीटर. छज्जा आणि पडवी यांत फरक आहे तो हा.

पंखे बीएलडीसी, म्हणजे ब्रश नसलेल्या डीसी मोटरचे, घ्या: जुना 75 वॅट खातो, हा 30 च्या आसपास. सोलरचा आकार त्यानंतर ठरवा, आणि जून ते सप्टेंबरच्या ढगांचा हिशोब धरूनच.

झडीसाठी झापं किंवा ताडपत्री बांधायचे हूक चिरा रचतानाच सांध्यात बसवा. नंतर ड्रिल मारलं तर जांभा भुगा होऊन गळतो आणि हूक पहिल्याच वाऱ्यात हातात येतो.