तुम्ही विचारलंत म्हणून: केमिस्ट्रीवाली आर्ट स्टुडिओत काय करते?

लग्नकार्यात कोणीतरी हमखास विचारतंच, "अगं तू केमिस्ट्री केलीस ना, मग त्या आर्टिस्ट लोकांकडे काय करतेस?" सेफ्टी बघते. कोण कशात हात घालतंय, नाकातून काय आत जातंय आणि कामाची मजा न घालवता ते कसं थांबवायचं, एवढंच.

एचिंगचं घ्या, म्हणजे धातूच्या प्लेटवरच्या रेषा ॲसिडने खोल करून त्यावरून चित्र छापायचं. झिंकची प्लेट नायट्रिक ॲसिडच्या ट्रेमध्ये ठेवली की रेषांवर बुडबुडे धरतात, ते पक्ष्याच्या पिसाने हळूच सारायचे नाहीतर ॲसिड रेष सारखी खात नाही, आता हे करताना माणूस वाकणारच, तोंड बरोब्बर ट्रेवर, आणि एक्झॉस्ट फॅन कुठे तर छताजवळ! म्हणजे वाफ बाहेर जाते खरी, पण तुमच्या नाकावरून. त्यातला तपकिरी वायू, नायट्रोजन डायऑक्साइड, फार लबाड. जास्त आत गेला तरी तेव्हा नुसता खोकला, माणूस घरी जाऊन जेवतोसुद्धा, आणि फुप्फुसात पाणी भरायला लागतं ते काही तासांनी. कापडी मास्कचा इथे उपयोग शून्य. वाफ ट्रेच्या मागच्या बाजूने ओढली गेली पाहिजे, किंवा मग सरळ तांब्याची प्लेट आणि नायट्रिकऐवजी फेरिक क्लोराइड, म्हणजे लोखंडाच्या क्षाराचं द्रावण, त्यात ही तपकिरी वाफच नाही. फक्त गाळ रेषांत बसतो म्हणून प्लेट उभी किंवा पालथी ठेवायची, आणि कपड्यावर सांडलं तर तो ड्रेस गेलाच समजा.

"आम्ही नॅचरल रंगच वापरतो" म्हटलं की मला हसू आवरत नाही. लाल हिंगुळात पारा, पिवळ्या हरताळात आर्सेनिक, दोन्ही शंभर टक्के नॅचरल! कोरडे घोटताना उडणारी पूड वाईट. जवसाचं तेल तर आपण चटणीवर घेतो, पण त्याने भिजलेल्या फडक्यांचा बोळा कोपऱ्यात पडला की आतल्या आत तापतो, कधी आपोआप पेटतोही. पत्र्याच्या डब्यात पाणी घालून, झाकण लावून ठेवा, प्लीज.

हे खूळ माझं एकटीचं नाही हां. न्यूयॉर्कच्या मोनोना रॉसोल, केमिस्टही आणि आर्टिस्टही, त्यांनी 1987 मध्ये कलाकार आणि नाटकवाल्यांच्या सेफ्टीसाठी संस्थाच काढली.

कोर्स कुठला? असा रेडिमेड नाही. केमिस्ट्रीची डिग्री, मग इंडस्ट्रियल सेफ्टीचा डिप्लोमा, मुंबईत सायनच्या सेंट्रल लेबर इन्स्टिट्यूटमध्ये होतो, आणि बाकीचं स्टुडिओत बसून. घरखर्च मात्र फॅक्टऱ्यांच्या ऑडिटवर, कारण स्टुडिओवाले चहा फार छान पाजतात पण बिल दिलं की गप्प होतात.