आमची वाटचाल : सराफ लाइनमधले भिंगवाले

लातूरच्या गंजगोलाईला १६ रस्ते येऊन मिळतात. तिथल्या सराफ लाइनमध्ये आमची पेढी आहे. औसा, निलंगा, उदगीरकडचं गिऱ्हाईक आम्हाला आडनावानं कमी आणि 'भिंगवाले' म्हणून जास्त ओळखतं. हे नाव अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी कमावलं. मधल्या काळात पेढी बंद पडायची वेळ आली होती. ती का आली याबद्दल बाजारात आजही भलतंच बोललं जातं, म्हणून हे लिहितोय.

अण्णा मूळचे सोन्याचे. हिऱ्याकडे वळले ते जुन्या कुड्यांमुळे. निजामाच्या अमदानीत इकडच्या वतनदार घरांनी हैदराबादेहून आणलेल्या सात खड्यांच्या कुड्या अडीअडचणीला मोडीत यायच्या. घरातलं म्हातारं माणूस ठासून सांगायचं, "ब्लू जागर आहे, काकपद नाही, बिंदू नाही." म्हणजे निळसर झाक असलेला चांगला हिरा, आत काळा डाग नाही की ठिपका नाही. सोन्याचे पैसे मिळायचे, खड्यांना मात्र कोणी विचारायचं नाही. अण्णांना ते बघवत नव्हतं. खड्याची परीक्षा शिकायची म्हणून ते रात्रीच्या एसटीनं मुंबईला, ऑपेरा हाऊसच्या हिरेबाजारात जायला लागले. तिथं त्यांना भाई भेटले.

कागदावर भागीदारी कधी झाली नाही, पण आमचे पहिले भागीदार भाईच. दलालीचा धंदा, स्वभाव अबोल. लातूरच्या अनोळखी सराफाला त्यांनी पहिल्याच वर्षी जांगडवर (विकला तर पैसे, नाही तर माल परत) माल दिला, तोही नुसत्या शब्दावर. दहा पटीचं, तीन काचांचं भिंग दिलं तेही त्यांनीच. ते आज माझ्या खिशात असतं. निकेलचा मुलामा उडून खालचं पितळ दिसतं, बिजागरीचा स्क्रू आमच्या शेजारच्या घड्याळवाल्यानं बदललेला आहे. काचेवर मात्र एक ओरखडा नाही. अण्णा ते कुणाच्या हातात देत नसत, अपवाद फक्त गिऱ्हाइकाचा.

भाईंनी शिकवलेलं पहिलं वाक्य होतं, "पहले पोंछो, फिर देखो." खडा आधी मऊ कापडानं पुसायचा, कारण धुळीचा कण आतल्या कणासारखाच दिसतो. पुसल्यावर जातो ती धूळ. चिमट्यात खडा कंबरेवर, म्हणजे त्याच्या सगळ्यात रुंद कडेवर, धरायचा. भिंग डोळ्याला जवळजवळ चिकटवायचं आणि खडा त्याच्याजवळ आणायचा, इंचभर अंतरावर. दोन्ही डोळे उघडे ठेवायचे. एक मिटला की पाच मिनिटांत डोळा थकतो. आधी वरच्या सपाट पैलूतून पाहायचं, मग खडा कलता करून कडेनं, मग उलटा करून खालून. टोकाजवळ एकच बारीक स्फटिक असेल तर पैलूंमध्ये त्याची प्रतिबिंबं पडून पाच-सात डाग असल्यासारखं वाटतं. नवशिका तिथं हमखास फसतो.

क्लॅरिटीच्या, म्हणजे खडा किती स्वच्छ आहे याच्या, पायऱ्या आता सगळ्यांना पाठ असतात. जीआयए या अमेरिकी संस्थेनं १९५० च्या दशकात बसवलेली ही पट्टी : एफएल (आत-बाहेर निर्दोष), आयएफ (आतून निर्दोष), मग व्हीव्हीएस (अतिशय बारीक दोष), व्हीएस (बारीक दोष) आणि एसआय (किंचित दोष) प्रत्येकी दोन, शेवटी आय (ठळक दोष) १ ते ३. एकूण ११ पायऱ्या, सगळ्या दहा पट मोठं करून ठरवलेल्या. व्हीव्हीएसमधलं काही शोधायला कसलेल्या माणसालाही कष्ट पडतात. एसआयमधलं भिंगात सहज दिसतं, नुसत्या डोळ्यांना बहुतेकदा नाही. आय मधलं पुष्कळदा भिंगाशिवायच दिसतं. पण अक्षर ठरतं ते आतल्या गोष्टीचा आकार, संख्या, जागा, जात आणि उठाव (ती किती उठून दिसते) या पाचांवरून, म्हणून एकाच अक्षराचे दोन खडे कधीच सारखे नसतात. एका एसआय १ मध्ये कडेला पांढरा कण असतो, तो नखीखाली (खडा धरणाऱ्या सोन्याच्या दातरीखाली) झाकून जातो. दुसऱ्या एसआय १ मध्ये बरोबर मधोमध काळा ठिपका असतो. कागदावर दोन्ही सख्खे भाऊ. अण्णा पहिला घ्यायचे आणि दुसरा भाईंना परत पाठवायचे, स्वस्त मिळत असला तरी.

मधली कितीतरी वर्षं सुखानं गेली.

मग आलं २०१६. बजेटमधल्या एक टक्का उत्पादन शुल्काविरुद्ध मार्चमध्ये देशभरातल्या सराफांनी दुकानं बंद ठेवली, ती एप्रिलच्या मध्यापर्यंत. त्याच एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. शेतात दाणा नाही तिथं सोनं कोण घेणार? पाऊस झाला, जरा श्वास घेतला, तर नोव्हेंबरात नोटाबंदी. हे सगळं आम्ही सोसलं असतं. लातूरचा व्यापारी दुष्काळाला नवा नाही.

मोडलो ते पुढच्या वर्षी. शहरात एक मोठं शोरूम आलं. नाव घेत नाही. सगळ्या लातूरला माहीत आहे. त्यांची जाहिरात अशी की आमचा प्रत्येक खडा व्हीव्हीएस. दागिन्यासोबत सोनेरी कार्ड, त्यावर ग्रेड त्यांनीच छापलेला. जो माल विकतो त्यानंच त्याला मार्क द्यायचे! त्यात सगळे खडे जडवलेले. जडवलेल्या खड्याची कड नखीखाली असते, मागची बाजू सोन्यात असते. जीआयए तर जडवलेला खडा ग्रेडिंगला घेतच नाही, सुटाच लागतो. आणि इथं कानातल्यांच्या जोडापासून हारापर्यंत सरसकट व्हीव्हीएस.

लोक गेले. जाणारच, अक्षर मोठं दिसतंय. माझ्या मनात आजही सलतं ते त्यांचे विक्रेते आमच्या बिलावर बोट ठेवून काय म्हणायचे ते : "एसआय? म्हणजे दागी माल." ज्या अण्णांनी उभ्या हयातीत खड्यातला डाग गिऱ्हाइकाला आधी स्वतः दाखवला, त्यांना दागी माल विकणारे ठरवलं गेलं. दोन बंगाली कारागीर सोडून गेले. औसा रोडचा प्लॉट गहाण पडला. दिवाळीच्या पाडव्याला गल्ल्यावर बसून अण्णांनी दिवसभर हिऱ्यांची एकही पुडी उघडली नाही. भाईंचा जांगडचा माल परत करायला मी मुंबईला गेलो, तोवर ऑपेरा हाऊसचा सगळा बाजार बीकेसीच्या (वांद्रे-कुर्ला संकुलातल्या) डायमंड बोर्समध्ये, नव्या हिरेबाजारात, गेला होता. भाईंनी पुड्या माझ्याकडेच सरकवल्या आणि एवढंच म्हणाले, "अण्णा को बोलना, रहने दो."

आम्हाला वर काढलं ते उदगीरच्या बाईंनी. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या मुख्याध्यापिका. लेकीच्या लग्नात आमच्याकडून अंगठी नेली होती, एसआय १, कडेला एक बारीक पिसासारखी चीर. अण्णांनी तेव्हा बिलाच्या मागं खड्याचा गोल काढून चिरेची जागा लाल शाईनं दाखवली होती. बाई शोरूममध्ये बहिणीसोबत गेल्या, तिथं ते 'दागी' ऐकलं आणि तडक आमच्याकडे आल्या. अंगठीबद्दल चकार शब्द नाही. बहिणीनं तिथून घेतलेली चमकी काउंटरवर ठेवली आणि म्हणाल्या, "अण्णा, भिंग द्या. मी स्वतः बघते."

त्यांनी बघितलं. मधल्या पैलूखाली ढग (अगदी बारीक कणांचा धुरकट पुंजका) आणि त्याच्या अंगाला काळा कण. कार्डावर व्हीव्हीएस १. बहिणीच्या संमतीनं आम्ही खडा काढला, मुंबईला स्वतंत्र लॅबमध्ये पाठवला. अहवाल आला एसआय २. शोरूमनं उत्तर दिलं की कार्डावरचा ग्रेड अंदाजे असतो, आणि खडा सुटा केला म्हणजे हमी संपली. बहिणीचे पैसे आजतागायत परत मिळालेले नाहीत. पण बाईंनी ते दोन कागद, आमचं लाल शाईचं बिल आणि लॅबचा अहवाल, उदगीरपासून अहमदपूरपर्यंतच्या सगळ्या शिक्षक मंडळींना दाखवले. पुढच्या लग्नसराईत आमच्याकडे बसायला जागा नव्हती. प्लॉट सुटला. शोरूमच्या जागी आता मोबाईलचं दुकान आहे.

आता घेणाऱ्यांसाठी चार गोष्टी, विचारल्या नसल्या तरी. नाकातल्या पाच-दहा सेंटच्या (सेंट म्हणजे कॅरेटचा शंभरावा भाग) चमकीसाठी व्हीव्हीएसचे पैसे मोजू नका. समोरच्याला ते दिसत नाही, त्याला चमक दिसते आणि चमक घाटातून, म्हणजे खडा कसा कापलाय त्यातून, येते. तो पैसा चांगल्या घाटावर घाला. लांबट चौकोनी, पायऱ्यांच्या घाटाचा खडा असेल तर मात्र व्हीएस २ च्या खाली जाऊ नका, त्या मोठ्या सपाट पैलूंतून सगळं आरपार दिसतं. चीर कंबरेपर्यंत पोचलेली असेल तर त्या जागी नखी दाबताना खडा तडकू शकतो, कारागिराला आधी सांगा. ग्रेड ढगामुळे पडला असेल तर खडा उन्हात न्या, धुरकट वाटला तर सोडा.

हॉलमार्क सोन्याचा असतो. दागिन्यावरचा सहा अक्षरी एचयूआयडी (हॉलमार्कचा ओळख क्रमांक) बघून खडाही तपासलेला आहे असं समजणारे रोज भेटतात. बिलावर सोन्याचं निव्वळ वजन वेगळं आणि हिऱ्याचं कॅरेट वेगळं लिहून घ्या. एक कॅरेट म्हणजे ०.२ ग्रॅम, ते सोन्याच्या भावात मोजलं जाता कामा नये. आणि खडा खाणीतला की लॅबमध्ये तयार झालेला, हे स्पष्ट शब्दांत हवं. लॅबच्या खड्यालाही व्हीव्हीएस मिळतो, भाव मात्र फार खाली असतो, आणि मोडीच्या वेळी तो फरक गिऱ्हाइकाच्याच अंगावर येतो.

आम्ही प्रत्येक बिलाच्या मागं आजही गोल काढतो, लाल शाईनंच. नकाशा न काढता खडा विकायचा नाही, ही अण्णांची अट नव्या पोरांना पहिल्याच दिवशी सांगितली जाते. ज्यांना ती जाचक वाटते ते महिन्याभरात दुसरीकडे लागतात.