तुम्ही विचारलंत म्हणून: घरात कॅन्सर आहे, मग मलाही होणार का?

मी काय काम करते हे कळलं की दोन मिनिटांत हा प्रश्न येतोच, कोणी थेट विचारतं, कोणी बाजूला घेऊन हळू आवाजात. "आमच्या घरात कॅन्सर आहे हो, म्हणजे मला पण होणारच ना?" मी आनुवंशिक आजार आणि कॅन्सर या दोन्हींमागचे जीन्स (जनुकं) अभ्यासते, म्हणजे डीएनए वाचायचा, कुठलं अक्षर बदललंय आणि त्याने पेशीत नेमकं काय बिघडतं ते शोधायचं. उभ्या उभ्या दिलेलं उत्तर कायम अर्धवट राहतं, म्हणून आज सविस्तर लिहितेय.

बराचसा घोळ 'जेनेटिक' या एका शब्दाने केलाय. मराठीत जनुकीय आणि आनुवंशिक असे दोन वेगळे शब्द आहेत पण बोलताना आपण दोन्हीला जेनेटिकच म्हणून टाकतो. कॅन्सर जनुकीय असतोच, पेशीतले काही जीन्स बिघडल्याशिवाय तो होत नाही. पण हा बिघाड बहुतेक वेळा आयुष्यात कधीतरी त्या एका पेशीत झालेला असतो, तंबाखूमुळे, उन्हामुळे, किंवा पेशी विभागताना डीएनएची कॉपी करण्यात चूक झाली म्हणून. तो आईबाबांकडून आलेला नसतो आणि मुलांकडे जातही नाही. जन्मतःच मिळालेल्या म्युटेशनमुळे, म्हणजे डीएनएतल्या बिघाडामुळे, होणारे कॅन्सर साधारण 5 ते 10 टक्के.

आणि त्या 5 ते 10 टक्क्यांतही वारशाने कॅन्सर येत नाही, येते ती एका जीनची बिघडलेली प्रत. हे कळलं कसं ते मला सांगायलाच हवं कारण ते फार सुंदर आहे. रेटिनोब्लास्टोमा हा लहान मुलांच्या डोळ्याचा कॅन्सर. आल्फ्रेड नडसन या अमेरिकन डॉक्टरांनी 1971 साली अशा 48 पेशंट्सच्या नोंदी तपासल्या, आणि त्यांना दिसलं की ज्या मुलांच्या दोन्ही डोळ्यांत गाठी होत्या त्यांना आजार लवकरच्या वयात झाला होता, एकाच डोळ्यात असेल तर बहुतेक वेळा उशिरा. त्यांनी विचार केला की आपल्याकडे जीनच्या दोन प्रती असतात, एक आईची एक बाबांची, आणि गाठ व्हायला एकाच पेशीतल्या दोन्ही बिघडायला लागतात. ज्या मुलाला एक प्रत जन्मापासूनच बिघडलेली मिळते त्याची गाडी स्टेपनीशिवायच निघालेली असते, पंक्चर एकदा झालं तरी पुरतं. तेव्हा तो जीन कोणाच्या हातातही आला नव्हता! 1986 साली सापडला, आरबी1, तेराव्या गुणसूत्रावर, आणि खरंच तसाच वागणारा निघाला. नुसत्या वयाच्या आकड्यांवरून एवढं ओळखलं, मला अजूनही ते शिकवताना भरून येतं.

स्तनाच्या कॅन्सरचंही असंच. जनुकशास्त्रज्ञ मेरी-क्लेअर किंग यांनी 1990 मध्ये दाखवलं की काही कुटुंबांमधला धोका सतराव्या गुणसूत्रावरच्या एका जागेशी जोडलेला आहे, 1994 मध्ये बीआरसीए1 जीन हाती आला, पुढच्या वर्षी बीआरसीए2. हे दोन्ही जीन्स तुटलेला डीएनए दुरुस्त करण्याच्या कामात असतात. बीआरसीए1 ची बिघडलेली प्रत असलेल्या बाईला आयुष्यात स्तनाचा कॅन्सर होण्याची शक्यता साधारण 60 ते 70 टक्के, म्हणजे खूप जास्त, पण 'होणारच' नाही. आणि पुढच्या पिढीत प्रत्येक मुलाला, मुलगा असो की मुलगी, ती प्रत मिळण्याची शक्यता निम्मी. म्हणून बाबांकडूनही ती येऊ शकते, तरी लोक घरातली माहिती सांगताना आई, मावशी, आजी एवढंच सांगतात, आत्याबद्दल विचारलं की मग आठवतं.

मी आनुवंशिक आजार आणि कॅन्सर हे दोन्ही विषय एकत्र का धरून बसलेय तेही लोक विचारतात, तर कारण ते वेगळे नाहीतच. बीआरसीए2 ची एक प्रत बिघडलेली असेल तर कॅन्सरचा धोका वाढतो, पण एखाद्या बाळाला आईबाबांकडून दोन्ही प्रती बिघडलेल्या आल्या तर त्याला फॅन्कोनी ॲनिमिया होतो, त्यात अस्थिमज्जा, म्हणजे हाडांच्या आतला रक्त तयार करणारा भाग, निकामी होत जाते. शिवाय बीआरसीएची दुरुस्ती बंद पडलेली कॅन्सरची पेशी दुसऱ्या एका दुरुस्तीवर तगून असते, ती औषधाने अडवली की मरते. हे 2005 मध्ये प्रयोगशाळेत दिसलं आणि 2014 मध्ये ओलापॅरिब हे असंच अडवणारं औषध अंडाशयाच्या कॅन्सरसाठी मंजूर झालं. मोजक्या कुटुंबांमधला जीन समजून घेतला म्हणून हे शक्य झालं.

एक गोष्ट मात्र मनाला लागते. जीनच्या टेस्टच्या रिपोर्टमध्ये कधीकधी बदल सापडतो पण तो घातक आहे की निरुपद्रवी हे सांगता येत नाही. एका ताईंनी असा रिपोर्ट पॉझिटिव्ह समजून कित्येक रात्री जागून काढल्या, कोणी समजावलंच नव्हतं. अशा बदलाच्या जोरावर ऑपरेशनचा निर्णय घ्यायचा नसतो, पुढे पुरावा जमला की यातले बहुतेक निरुपद्रवीच ठरतात.

म्हणून आता मीच उलट विचारते, कोणाला झाला, कितव्या वर्षी, कुठल्या अवयवाचा? एकट्या आजोबांना ऐंशीव्या वर्षी आतड्याचा झाला असेल तर तो बहुधा वयाचा भाग. पण आई आणि मावशी दोघींना पंचेचाळिशीच्या आत स्तनाचा झाला असेल तर जेनेटिक काउन्सेलरला, म्हणजे आनुवंशिक धोका समजावून सांगणाऱ्या तज्ज्ञाला, नक्की भेटा, आणि शक्य असेल तर टेस्ट आधी आईची करा, तुमची नंतर. आईत म्युटेशन सापडलं आणि तुमच्यात ते नाही निघालं तर त्या जीनपुरती तुमची खरंच सुटका, पण आईची टेस्टच झाली नसेल तर तुमच्या निगेटिव्ह रिपोर्टवरून फारसं काही ठरवता येत नाही.