एक फायबर, बत्तीस घरं

रेणापूर तालुक्यातल्या आमच्या गावात केबलची जुनी लाइन काढून मी इंटरनेटसाठी फायबर (प्रकाश वाहून नेणारी काचेची बारीक तार) टाकलं, तेव्हा जो तो विचारायचा, "घरागणिक येगळी तार वढणार का?" तसं नसतं. ओएलटीच्या, म्हणजे इंटरनेट सोडणाऱ्या मुख्य यंत्राच्या, एका पोर्टमधून एकच फायबर निघतं आणि वाटेतला स्प्लिटर त्यातला प्रकाश वाटून देतो. स्प्लिटरला वीज लागत नाही. आमच्याकडची लाइट बघता हे लई मोठं सुख. वेशीपाशी १:४ चा एक आणि गल्ल्यांत १:८ चे चार बसवले. झाली ३२ घरं.

प्रकाशाची ताकद डीबीएममध्ये मोजतात आणि वाटेतली घट डीबीमध्ये; आकडा जितका उणे, तितका प्रकाश कमी. पोर्टमधून +३ डीबीएम निघतात. १:४ मध्ये सात, १:८ मध्ये साडेदहा डीबी जातात. जॉइंट आणि अंतर धरून घरात उणे १८ च्या आसपास मिळायला हवं. एका घरी प्रकाश मोजायचा मीटर उणे ३० दाखवू लागला. चौकटीच्या कोपऱ्यावर खिळ्याची क्लिप ठोकून वायर काटकोनात दुमडली होती. क्लिप काढली, वळण सैल केलं, उणे १८ आले.

खरा कस लागला पावसाळ्यात. विजा कडाडून गेल्या आणि संध्याकाळी ३२ च्या ३२ घरं बंद. फायबर तर कुठंच तुटलेलं नव्हतं.

ओएलटीकडून येणारा डेटा सगळ्यांच्या दारात जातो, ज्याचा तो आपापला उचलतो. घराकडून परत जाताना मात्र पाळी असते. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, त्या उन्हाळ्यात टँकरपाशी पाळी मोडली की काय व्हायचं ते आम्ही पाहिलंय. इथंही एखाद्या घरातला डबा (फायबर जिथं जोडतात तो मोडेम) पाळी सोडून सारखा प्रकाश फेकत राहिला, की बाकीच्यांचं काहीच पोचत नाही.

वेशीवरच्या चार लाइनी एकेक करून काढल्या. तिसरी काढताच बाकीच्या तीन गल्ल्या चालू झाल्या. मग त्या गल्लीतली आठ घरं, रात्री दहापर्यंत. पाचव्या घरच्या मावशी म्हणाल्या, "डबा नेला तर पोरीचा क्लास कसा व्हईल रे?" त्यांना माझ्याजवळचा दुसरा बसवून दिला.

काढलेला डबा घरी आणून वीज दिली आणि त्याची पॅचकॉर्ड, म्हणजे फायबरची छोटी तार, सरळ मीटरला जोडली. ओएलटीचा प्रकाश आल्याशिवाय चांगला डबा स्वतःहून काही पाठवत नाही. हा +२ वर अखंड जळत होता.