रिलिजिओससचं रिलिजिओसा

अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी मनोगत पाठवा, असं समितीचं पत्र आलं आणि डोळ्यांपुढे उभा राहिला तो पिंपळावरचा पत्र्याचा नामफलक. शाळेचे संस्कार, ज्ञानमंदिर वगैरे बाकीची मंडळी लिहितीलच. मी फक्त बाईंबद्दल लिहिणार आहे. कोणत्या बाई ते सांगायला नको. खिशात भिंग ठेवता यावं म्हणून साडीवर प्रयोगशाळेचा पांढरा कोट घालणाऱ्या, आपण पाठीमागे ज्यांना ‘ग्लॅब्रसबाई’ म्हणायचो त्या.

पानाचं वर्णन करताना ‘गुळगुळीत’ लिहिलं की बाई वही परत करायच्या. गुळगुळीत म्हणजे तेलकट, चकचकीत की बिनलवीचं? ग्लॅब्रस म्हणजे ज्यावर लव नाही ते, बास. मूळ लॅटिन शब्द ग्लाबेर, टकल्या माणसालाही तोच लागतो. बाई हे सांगत असतानाच नेमके ड्रॉइंगचे सर व्हरांड्यातून गेले. त्या दिवशी वर्ग काही आवरला नाही.

पण खरा तास बडोद्याच्या कमाटीबागेत. मी रुईच्या पानापुढे ‘केसाळ’ लिहिलं होतं. “कसले केस? बघितलेस का?” म्हणत बाईंनी भिंग हातात दिलं. मग तिथेच उभ्याउभ्या सुरू झाल्या. प्युबेसंट म्हणजे बारीक मऊ लव, तुमच्या ओठावर आता फुटतेय तशी. हिस्पिड म्हणजे ताठ आणि टोचरी, रविवारी दाढी न केलेल्या वडिलांचा गाल. टोमेंटोज म्हणजे घोंगडीसारखी एकमेकांत गुंतलेली. रुईचं कोवळं पान उलटं करून बोट फिरवायला लावलं, तर बोटाला पांढरं लागलं. शेवटी पारिजातकाचं एक पान तोडून माझ्या अंगठ्याच्या नखावर दोनदा घासलं. नखावर स्पष्ट ओरखडे. “हे स्कॅब्रस. सुतार यानं लाकूड घासतात.” ते नख वाढून कापलं जाईपर्यंत मी सगळ्यांना दाखवत फिरलो. येताना शेवउसळ खाल्ली, पैसे बाईंनीच दिले.

आता पिंपळ. १९७८ साली आवारातल्या झाडांना लॅटिन शास्त्रीय नावांचे फलक लावायचे ठरले आणि अक्षर बरं म्हणून रंगाचा डबा माझ्याकडे आला. पिंपळाचं नाव फायकस रिलिजिओसा. पण फायकस पुल्लिंगी दिसतो, आपला पिंपळही पुल्लिंगी, म्हणून मी शहाणपणा करून ‘फायकस रिलिजिओसस’ रंगवलं. बाई फलकापुढे बराच वेळ उभ्या राहिल्या. “झाडांना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसनं १७५३ साली हे नाव छापलं. तू सव्वादोनशे वर्षांनी बदलतोस होय?” मग समजावलं : शेवट ‘अस’ असला तरी लॅटिनमध्ये झाडांची नावं बहुधा स्त्रीलिंगी, आणि विशेषण नावाच्या लिंगाप्रमाणे चालतं. चांगला मुलगा, चांगली मुलगी, चांगलं मूल, तसंच अस, आ, अम. मी ‘यू’ आणि ‘एस’ खोडून तिथे ‘ए’ काढला. दोनाच्या जागी एक अक्षर, त्यामुळे पुढे ओल्या रंगाचा एक चौकोन उरला. दहावी होऊन बाहेर पडलो तरी तो दिसत होता.

पुढे मी एका आयुर्वेदिक औषधांच्या कारखान्यात कच्चा माल तपासायच्या खात्यात लागलो आणि निवृत्त होताना त्या खात्याचा प्रमुख होतो. अशोकाची साल म्हणून पोतं यावं आणि आत आसोपालवाची साल निघावी, हा आमच्या धंद्यातला जुना प्रकार. औषधातला अशोक म्हणजे सराका असोका. आपल्या फाटकापासून रांगेनं उभा आहे तो आसोपालव, पॉलिअल्थिया लाँगिफोलिया, लांब पानांचा. एकदा नव्या यादीत त्याचं नाव ‘मोनून लाँगिफोलियम’ आलं. हाताखालचा मुलगा म्हणाला, साहेब, छपाईची चूक आहे. मी म्हटलं, चूक नाही, झाडाची प्रजाती, म्हणजे नावातला पहिला शब्द, बदलली आणि मोनून नपुंसकलिंगी आहे, म्हणून विशेषणानं शेपूट बदललं. त्याला वाटलं मला लॅटिन येतं. मला येतं ते पत्र्यावर मावेल एवढंच.

१ जानेवारी २०१२ पासून नव्या वनस्पतीचं वर्णन लॅटिनऐवजी इंग्रजीत दिलं तरी चालू लागलं, नाव मात्र लॅटिनच. बाईंना वाईट वाटेल म्हणून सांगायला घरी गेलो. झोपाळ्यावर बसल्या होत्या, दृष्टी अधू झाली होती. ऐकून हसल्या. “ग्लाबेरचं ग्लॅब्रस करायचं आणि म्हणायचं इंग्रजी! चालू दे.” नंतर परत जायचं राहिलं ते राहिलंच.

मध्यंतरी आवारात डोकावलो. सगळीकडे पेव्हर ब्लॉक बसवलेत, पारिजातकाची जागा स्कूटरींनी घेतली आहे. पिंपळ आहे, फलक नाही, फक्त गंजका खिळा बुंध्यात अर्धा बुडालाय. समितीनं पुन्हा फलक लावायचे ठरवलं तर डबा आणि ब्रश घेऊन मी येतो. झाडाला खिळा ठोकू नका, तारेनं बांधू. ‘ए’ची जागा या वेळी आधी मोजून घेईन.