मधलं नाव

पाचशेचा स्टॅम्पपेपर त्यानं माझ्या टेबलावर ठेवला आणि उभ्या उभ्याच विचारलं, "सही करून आणलंय मॅडम. सुटलो का मी?"

कोर्टाच्या आवारात कुणाकडून तरी टाइप करून घेतलेला मजकूर होता. मुलीवरील सर्व हक्क राजीखुशीने सोडत आहे, यापुढे तिची कसलीही जबाबदारी माझ्यावर राहणार नाही, वगैरे. खाली नोटरीचा गोल शिक्का. असले कागद दर दोन-चार महिन्यांनी माझ्याकडे येतात. टाइप करणाऱ्याचे पैसे होतात, बाकी काही होत नाही. बापपणाचा राजीनामा द्यायची सोय आपल्या कायद्यात नाही. मूल रीतसर दत्तक जाईपर्यंत पोटगी चुकत नाही.

मुलीची आई माझी अशील. घटस्फोट परस्पर संमतीनं झालेला, ताबा आईकडे, मुलीला महिना चार हजार. सुरुवातीला पैसे आले, मग बंद पडले. 31 महिन्यांचे 1,24,000 थकले होते. आईनं मधल्या काळात दुसरं लग्न केलं. नवरा सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात सुपरवायझर, कमी बोलणारा माणूस. मुलगी नऊ वर्षांची. वहीच्या कव्हरवर ती स्वतःच्या हातानं नव्या बाबांचं नाव मधे लिहायची, शाळेच्या हजेरीत मात्र जुनंच. एकदा बाईंनी भर वर्गात विचारलं, यातलं खरं कुठलं? त्या दिवशी घरी आल्यावर ती जेवली नाही. दुसऱ्या दिवशी आई आणि नवे बाबा दोघं माझ्याकडे आले, त्यांनी तिला दत्तक घ्यावं म्हणून.

दत्तकाचा आदेश 1 सप्टेंबर 2022 पासून कोर्टाऐवजी जिल्हाधिकारी देतात. नवरा-बायकोनं 'कारा'च्या, म्हणजे दत्तकाचं काम बघणाऱ्या केंद्रीय संस्थेच्या, पोर्टलवर नोंदणी करायची, जन्मदात्या वडिलांची संमती ठरलेल्या नमुन्यात घ्यायची, जिल्हा बाल संरक्षण कक्षानं कागद तपासायचे. मूल पाच वर्षांपुढचं असेल तर त्याचीही संमती लागते. म्हणजे सगळं अडलं होतं ते या समोरच्या माणसाच्या सहीपाशी, आणि हे त्यालाही पक्कं माहीत होतं.

"सही देतो," तो म्हणाला. "थकलेलं तेवढं माफ करा."

आईनं नवऱ्याकडे पाहिलं. तो हळूच म्हणाला, "सोडून देऊ मॅडम. आम्हाला पोरगी पाहिजे, पैसे नकोत."

इथं मी जरा आवाज चढवला, हे कबूल करते. आदेश देण्याआधी जिल्हाधिकाऱ्यांना खात्री करून घ्यावी लागते, की दत्तकाच्या बदल्यात कुणी कुणाला पैसे किंवा मोबदला दिलेला नाही. थकबाकी माफ करून संमती घेणं म्हणजे मोबदलाच की! आणि ते पैसे यांचे नव्हतेच, मुलीचे होते. मी सांगितलं, दत्तक एका फायलीत, वसुली दुसऱ्या फायलीत, दोन्हींची गाठ मारायची नाही. तो चिडला. "भरलालोय की मॅडम, जमेल तसं," म्हणत बाहेर गेला. मला वाटलं, गेली सही.

बाहेर बाकावर त्याची आई बसली होती. कुंभारीच्या विडी घरकुलातून, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीतून आलेली, दिवसाला हजारभर विड्या वळणारी बाई, बोटं तंबाखूनं काळपट झालेली. मुलगी तिला जाऊन चिकटली होती. दोघींचं तेलुगूत काहीतरी चाललेलं. मग मुलगी आत आली आणि मला विचारलं, "बाबांचं नाव लागलं की अव्वा माझी आजी राहणार ना?"

अशा वेळी वकिलाला कलम आठवतं, ही पंचाईत आहे. आदेशाच्या तारखेपासून जन्माच्या घराशी कायदेशीर नातं तुटतं. सावत्र पालकानं दत्तक घेतलं तर आई आईच राहते, पण बापाकडचं गणगोत कागदावरून जातं. नऊ वर्षांच्या मुलीला हे कसं सांगायचं? मी आईकडे पाहिलं. ती म्हणाली, "रविवारी जातेच की तू. तसंच जायचं."

म्हातारी दारातच उभी होती. तिनं वेगळंच विचारलं: माझं घर नंतर हिला देता येईल का? वारस म्हणून नाही मिळणार, मी म्हटलं, पण घरकुलाच्या अटी बघून मृत्युपत्र करता येईल, ते कुणाच्याही नावे करता येतं. तिनं मान हलवली, बाहेर गेली आणि मुलाला तेलुगूत पाचेक मिनिटं झापलं. मला एक शब्द कळला नाही. तो आत आला, खुर्ची ओढून बसला आणि संमतीचा नमुना सावकाश, ओळ न् ओळ वाचला. स्टॅम्पपेपर वाचला नसावा, हा वाचला. सही करताना, मुलीच्या नावापुढे त्याचं नाव होतं तिथं थांबला. पेन टेकवून बराच वेळ बसला.

जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश आला, नवा जन्मदाखलाही निघाला. शाळेच्या हजेरीत आता वहीवरचंच नाव आहे. दत्तकानं आधीची थकबाकी पुसली जात नाही, तेव्हा दुसरी फाइल अजून माझ्या कपाटात आहे. महिना पाच हजारांचा हप्ता ठरलाय. दहा तारीख उलटली की मी त्याला फोन करते. उचलला नाही तर अव्वाला करते.