कुकरच्या शिट्ट्या आणि एडीसीच्या आधीची गाळणी

कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या की बाहेरच्या खोलीत बझर वाजवणारे यंत्र मी आर्डुइनो उनो या छोट्या प्रोग्रामेबल बोर्डावर बांधले, तेव्हा सर्वाधिक वेळ प्रोग्राम लिहिण्यात नव्हे, तर मायक्रोफोन आणि बोर्डाची सिग्नल घेणारी ए-झिरो पिन यांच्यामधल्या चार इंचांत गेला.

लांबून येणाऱ्या आवाजाला इलेक्ट्रेट मायक्रोफोन जेमतेम काही मिलिव्होल्ट देतो. उनोचा दहा बिटांचा एडीसी, म्हणजे व्होल्टेजचे आकड्यांत रूपांतर करणारा भाग, ५ व्होल्टचे १०२४ भाग करतो, म्हणजे त्याची एक पायरीच सुमारे ४.९ मिलिव्होल्टची असते. त्यामुळे शंभरपट वर्धन अपरिहार्य होते. आधी वापरलेल्या एलएम३५८ या ऑप-अ‍ॅम्प (वर्धक) चिपचे आउटपुट ५ व्होल्टवर साधारण साडेतीन व्होल्टच्या पुढे जात नाही आणि २.५ व्होल्टभोवती झुलणाऱ्या लहरीचा माथा छाटला जातो, म्हणून मी एमसीपी६००२ घेतला.

तरीही खोली शांत असताना एडीसीचे आकडे ५१२ च्या (म्हणजे २.५ व्होल्टच्या) आसपास साठ-साठ पायऱ्या वरखाली होत होते. मायक्रोफोनला वीज देणारा २.२ किलोओहमचा रेझिस्टर थेट ५ व्होल्टला जोडलेला होता आणि ते ५ व्होल्ट पुरवणाऱ्या चार्जरमधली खरखर त्या वाटेने आत शिरून शंभरपट होत होती. मध्ये १ किलोओहम आणि तिथून ग्राउंडला ४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावताच आकडे पाच-सहा पायऱ्यांत स्थिरावले.

खरा प्रश्न मात्र पुढेच होता. नेहमीच्या सेटिंगवर उनो सेकंदाला सुमारे ९,६०० नमुने घेतो, म्हणून त्याच्या निम्म्याच्या, म्हणजे ४.८ किलोहर्ट्झच्या वरचा आवाज दुमडून खाली येतो. ७ किलोहर्ट्झची वाफेची फुसफुस २.६ किलोहर्ट्झची म्हणून नोंदली जाते. एकदा ती तशी नोंदली गेली, की प्रोग्राममधला कोणताही फिल्टर तिला वेगळी काढू शकत नाही, आणि मी मात्र पंधरा दिवस प्रोग्राममध्येच सरासऱ्या काढत बसलो होतो. गाळणी एडीसीच्या आधीच हवी, याबद्दल माझ्या मनात आता शंका उरलेली नाही.

एमसीपी६००२ मधला दुसरा ऑप-अ‍ॅम्प मोकळाच होता. १० किलोओहमचे दोन रेझिस्टर आणि ६.८ व ३.३ नॅनोफॅरडचे दोन कपॅसिटर घेऊन त्यावर सॅलन-की या प्रचलित फिल्टर-रचनेचा, सुमारे ३.४ किलोहर्ट्झला कापणारा फिल्टर बांधला. आता ७ किलोहर्ट्झचा आवाज पाव हिश्श्याहूनही कमी उरतो आणि शेजारी मिक्सर चालू असतानाही तिसऱ्या शिट्टीलाच बझर वाजतो.